तीनदा परत आलेली जीप

आमची जीप तीनदा विकली गेली आणि तिन्ही वेळा घरी परत आली. परवा दादाचा नातू मोबाइल घेऊन माझ्या बाजूला बसला आणि एकामागून एक फोटो दाखवू लागला. जुन्या जमान्यातल्या जीपा, लोकांनी हौसेनं बांधून घेतलेल्या, माणसाच्या कमरेएवढी चाकं, डोंगर चढून राहिल्या, नाल्यातून निघून राहिल्या. "आजी, आबानं बी अशीच बनवली होती म्हन्ते ना? खरं काय?" मी म्हटलं, "बनवली होती. माह्यासमोर तिचं नाव काढू नको." पोराला वाटलं आजी गंमत करते. मी उठून आत गेले, बीपीची गोळी घेतली, पाणी प्यायले, तरी राग उतरेना. इतकी वर्षं झाली, बाबूजी गेले, माय गेली, दादाही गेला, आणि त्या लोखंडाच्या ढिगाचा राग माझ्या अंगात अजून तसाच! म्हटलं, एकदाचं लिहून टाकू. दादा असता तर त्यानं हे लिहू दिलं नसतं.

आमचं घर पांढुर्ण्याच्या अगदी टोकाला होतं, जिथून नदीपलीकडचं सावरगाव दिसतं. दोन खोल्या, पडवी, गोठा आणि पुढं अंगण. अंगण मोठं, आणि त्या अंगणावर मायचं राज्य. उन्हाळ्यात तिथं शेवयांसारखे सरगुंडे आणि मुगवड्या वाळत, हिवाळ्यात वेचून आणलेला कापूस पसरलेला असे, आणि कोंबड्यांना हाकलायला हातात काठी घेऊन कुणीतरी बसायचं, बहुधा मीच. घराच्या मागं रेल्वेची लाइन. मालगाडी निघाली की फळीवरची पितळी भांडी वाजत. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असे, भाकरी थापल्याचा आवाज चाले, आणि त्यातच नागपूरकडे जाणारी पॅसेंजर शिट्टी देई. ती शिट्टी मी झोपेतही ओळखत असे, कारण मला त्याच गाडीत बसून जायचं होतं. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण द्यायचे. मला नर्सच का व्हायचं होतं असं कुणी विचारलं तर सांगायला मोठं कारण नाही. मायच्या शेवटच्या बाळंतपणात एक नर्सबाई घरी आली होती. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ. तिनं बाबूजींना "बाजूला व्हा" म्हटलं आणि बाबूजी झाले बाजूला! मला तेवढं पुरलं.

बाबूजींना असं कुणी बोलत नसे. आमची शेती थोडी, संत्र्याचा बगीचा लहानसा, पण बैलाचा पारखी म्हणून बाबूजींचं नाव पार सौंसरपर्यंत होतं. बाजाराच्या दिवशी सकाळीच माणसं दारात येत. "चाला ना काकाजी, येक जोडी पाहून द्या." बाबूजी धोतर सावरत निघत. बैलाचे दात पाहत, खूर पाहत, पाठीवरून उलटा हात फिरवत, आणि मग बैलाची खोड त्याच्या मालकाच्याच तोंडून वदवून घेत. आमच्याकडची रीतच तशी. विकणाऱ्यानं जनावराची खोड आधी सांगायची. भाव दुपट्ट्याखाली बोटं धरून ठरायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. आणि सौदा झाला तरी तो बाजार ते बाजार कच्चाच. घेणाऱ्यानं आठवडाभर बैल जुंपून पाहायचा. पसंत नाही पडला तर पुढच्या बाजाराला आणून बांधायचा आणि आपले पैसे घेऊन जायचे, वर कुणी कुणाला वाकडं बोलायचं नाही. बाबूजींनी आयुष्यात हे कधी मोडलं नाही. बैलाच्या बाबतीत ठीक आहे हो. बैल म्हणजे बैल.

दादा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, नाव मनोहर. शेतीत त्याचा जीव नव्हता. स्टँडमागच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचा, पाने देत-घेत जे काही शिकला ते शिकला. एकदा मिलिटरीच्या लिलावातून निघालेल्या एका जुन्या जीपची चेसिस त्याला दिसली आणि पोराचं डोकंच फिरलं. म्हणे आपण जीप बनवू. असली जीप, चारही चाकं ओढणारी. डोंगराकडच्या गावांना रस्ते नाहीत, तिकडं भाड्यानं चालवू, लग्नात चालवू, निवडणुकीत चालवू. त्या वर्षीचा संत्र्याचा बहार बाबूजींनी झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि ते पैसे जीपमध्ये गेले. त्यात माझ्या फीचे होते. हे कुणी लपवलं नाही. दादा माझ्यासमोर बसून म्हणाला, "कुसुम, दिवाळीच्या आत जीप फिरते. तुही फी मी भरतो, वरून हातातलं घड्याळ घेऊन देतो." मी हो म्हटलं. घड्याळ ऐकून हो म्हटलं असेल, काय सांगावं!

वर्षभर आमच्या अंगणात जीप बनत राहिली. मायचं राज्य गेलं. इंजिन कुठल्याशा मोडीत निघालेल्या टॅक्सीचं, गिअरची पेटी दुसऱ्या कशाची, पुढचा एक्सल अमरावतीकडून आणलेला, मागचा छिंदवाड्याहून. बॉडीचा पत्रा डांबराच्या पिंपांचा, ठोकून ठोकून सरळ केलेला. सीट म्हणून सिनेमा टॉकीजच्या भंगारातल्या खुर्च्या, उठलं की आपटत बंद होणाऱ्या. वर मस्त हिरवा रंग मारला, आणि खरं सांगते, उभी असताना ती फार सुंदर दिसायची. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. उभी असताना. चालायला लागली की तिचं नाटक सुरू. स्टेअरिंग डावीकडे ओढायचं. उतारावर गिअर आपोआप निसटायचा. आणि ज्या चार चाकांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांचा दांडा ओढला की पुढची चाकं एका चालीनं जायला पाहत आणि मागची दुसऱ्या. गाडी जागच्या जागी उड्या मारायची, खालून कडकड आवाज यायचा. दादा म्हणे, "नवीन हाय, बसंल हळूहळू." अरे काय बसेल? ते दोन एक्सल एकमेकांचे नव्हतेच. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलं आहे एवढं आवाजावरून कळायचं. दादाला मात्र ते ऐकूच येत नव्हतं. आईला लेकाच्या खोडी जशा ऐकू येत नाहीत, तसं.

ती स्टार्टरनं कधीच सुरू झाली नाही. धक्का मारावा लागे. धक्का मारायला दादा, बाबूजी आणि गल्लीतले दोघे-चौघे. मग आत बसणार कोण? वजनानं हलकी म्हणून मला बसवत. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, गाडीनं वेग घेतला आणि खालून एक विशिष्ट घुर्रर्र आवाज आला की क्लच सोडायचा, आणि सोडता सोडता ॲक्सिलेटर अर्धाच दाबायचा. पूर्ण दाबला की खोकून बंद. दादाला ते जमायचं नाही, तो घाई करायचा. मला जमायचं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावत. "अवो पाहा तं, पोट्टी ड्रायवर झाली!" माय आतून ओरडे, "उतर खाली, लाज वाट्टे का नाई?" उतरू कशी? उतरले की बंद पडायची.

दिवाळी आली आणि गेली. जीप दोन वेळा भाड्यानं गेली आणि दोन्ही वेळा लोक पायी घरी आले. इकडं नागपूरहून कळलं की माझं नाव लागलं. अमुक सोमवारच्या आत फी भरून हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मी ते घरात सांगितलं. बाबूजींनी पानाला चुना लावला, तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "जीप विकून टाकू." दादाचं तोंड पडलं. पण नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री स्वतःहून सगळ्यांसाठी गोवऱ्यांवर रोडगे लावले. माझी चूक एकच झाली, विकणार कोण हे मी विचारलं नाही. विकणार बाबूजी! आणि बाबूजींना विकण्याची एकच पद्धत ठाऊक होती.

पहिला गिऱ्हाईक सावरगावचा बँडवाला. लग्नसराई तोंडावर होती, वरातीत नवरदेवाला बसवायला उघडी गाडी हवी होती. त्यानं जीपभोवती दोन चकरा मारल्या, खूश झाला. तेवढ्यात बाबूजी म्हणाले, "भाऊ, पह्यले इची खोड आयकून घ्या. धक्क्याबिगर उठत नाई. चढावर बसते. डावीकडे वढते. अन् पुढची जोडी अन् मागची जोडी येकमेकाले मानत नाई." दादा मागं उभा राहून दात खात होता. बँडवाला हसला. त्याला वाटलं म्हातारा गमतीशीर आहे. मग बॉनेटवर दुपट्टा टाकला, दोघांनी खाली बोटं धरली, आणि सौदा झाला. झाला सौदा तर गप्प राहावं की नाही? बाबूजी म्हणाले, "बाजार ते बाजार. जुंपून पाहा. नाई पटली तं आनून बांधा." मायनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, सवयीनं, बैलाला देतात तसा, भाकरीचा तुकडाही हातात घेतला होता, मग तिलाच हसू आलं. मी पैसे हातात धरले नाहीत, पण पेटीत कपडे घालायला सुरुवात केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी नदीकडून गलका ऐकू आला. बँडचे आठ-दहा जण, अंगात लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, घामानं ओले, आमची जीप ढकलत येत होते. बँडवाला म्हणाला, "काकाजी, नवरदेव अर्ध्या वरातीतून उतरून पायी गेला. त्याचा सासरा माह्यावर चिडून हाय." बाबूजींनी एक शब्द विचारला नाही. आत गेले, पैसे आणले, त्याच्या हातावर ठेवले, सगळ्यांना चहा पाजला. चहा! मी चुलीपाशी बसून त्या लाल कोटवाल्यांसाठी चहा उकळत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माय म्हणत होती, "धुपट लागलं काय वो?" दादा बाहेर म्हणत होता, "त्याईले चालवताच नाई आली. गाडीत काई दोष नाई."

दुसरा होता डोंगराकडचा एक ठेकेदार. त्यालाही बाबूजींनी सगळी खोड सांगितली, उलट या वेळी एक वाढवून सांगितली, कारण मधल्या आठवड्यात सायलेन्सर गळून पडला होता. मी बाबूजींना आदल्या दिवशी विनवलं होतं. "बाबूजी, तुम्ही सारं सांगा, मी नाई म्हनत नाई. पन ते बाजार ते बाजार म्हनू नका. गाडी काई बैल हाय काय?" बाबूजी म्हणाले, "बैल नाई म्हनूनच तं सांगा लागते. बैल निदान हंबरते. इले तोंड नाई." मी पाय आपटत गोठ्यात गेले आणि गाईलाच बोलले. ठेकेदार गाडी घेऊन गेला आणि मी देवाला नारळ बोलले. बाजाराच्या दिवशी दुपारी ती आली. या वेळी दोन बैल तिला ओढत होते. जोखडाला दोर, दोराला जीप, स्टेअरिंगवर एक म्हातारा झोपलेला, आणि मागं गावातली सगळी कार्टी नाचत. सगळ्या बाजारातून, सगळ्या दुकानांसमोरून आमची हिरवी जीप बैलांमागं चालत आली. बाबूजींनी पहिलं काय केलं असेल? त्या बैलांना पाणी दाखवलं, आणि डावीकडच्याच्या खुराला हात लावून म्हणाले, "ह्याले नाल मारून घ्या." मला त्या क्षणी बाबूजींचा इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. माणूस सरळ असावा, पण घरच्या पोरीच्या मानेवर पाय ठेवून किती सरळ असावा?

तिसरे गिऱ्हाईक सौंसरचे. संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती त्यांची, बाप आणि लेक दोघेच आले. बाप पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा. लेक शांत, मान खाली घालून गाडी पाहणारा. कलमं दूरच्या खेड्यांत पोहोचवायला गाडी हवी होती. बाबूजींनी खोड सांगितली, म्हातारा एक एक ऐकत होता आणि मान हलवत होता. "सुरू कशी होते ते दाखवा," म्हणाला. दादानं प्रयत्न केला, दोनदा खोकून बंद. मग नाइलाजानं मला बसवलं. ढकललं, घुर्रर्र आवाज आला, सोडला क्लच, आणि जीप सुरू. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. दुपट्टा पडला, बोटं झाली, बाजार ते बाजार झालं. सोमवार आता जवळ आला होता. पुढचा बाजार माझ्यासाठी शेवटचा होता.

तिसऱ्या दिवशीच सौंसरहून निरोप आला, गाडी सुरू होत नाही, पोरीला घेऊन या. बाबूजींना वाटलं, आपण शब्द दिला आहे, जायला हवं. आम्ही बसनं सौंसरला गेलो. दोन्हीकडं संत्र्याचे बगीचे, मध्येच कापसाची शेतं पांढरी झालेली, आणि मी खिडकीतून काहीही न पाहता दात आवळून बसलेली. त्यांच्या वाडीत कलमांच्या रांगाच रांगा, ओल्या मातीचा वास, आणि मध्ये आमची जीप, अर्धी भरलेली. मी चढले. पोरानं आणि गड्यांनी धक्का मारला. पहिल्याच धक्क्यात सुरू. त्यांच्या घरी आम्हाला भरीत-भाकर आणि दह्याची वाटी वाढली. म्हाताऱ्याच्या बायकोनं मला जवळ बसवून घेतलं, बांगड्या पाहिल्या, भाजी कशी करते विचारलं. मी म्हटलं, "मिठाची करते." बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मनात फक्त एवढंच म्हणत होते की बाजारापर्यंत चाल, मग मर हवी तर.

बाजाराच्या दिवशी ते जीप घेऊनच आले, पण या वेळी कुणी ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं. रात्रभर इंजिन बंदच केलं नव्हतं म्हणे! बाप, लेक, आणि सोबत त्यांचे एक मामाजी. मायनं लगबगीनं पोहे टाकले. दादा फडकं घेऊन जीप पुसायला लागला, कारण ती तिसऱ्या खेपेला बंद न पडता आली होती आणि त्याची छाती फुगली होती. बोलला तो मामाजी. "काकाजी, गाडी परत कराले नाई आलो. गाडी ठेवून घेतो आमी. पन ते तुमच्या पोरीबिगर चालत नाई. आमच्या पोराले बी पोरगी पाहूनच राहिलो होतो. मंग म्हनलं, दोन्ही येका घरातून नेऊ. देनंघेनं काई नाई. जीप तुमची, पोरगी तुमची, बस, पक्कं करून टाका." म्हातारा मिशीतून हसला. "खरं सांगू काय, काकाजी? त्या गाडीत काईच नाई. जे हाय ते पोरीच्या हातात हाय. गाडी तं नुसती निमित्त."

माय पोह्यांची ताटली हातात घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. कित्येक महिन्यांत ती अशी खुलली नव्हती. तिचं अंगण मोकळं होत होतं, पोरगी चांगल्या घरी जात होती, आणि हुंड्याचं नावही नव्हतं. तिनं तिथंच माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली, पदर घे. मी पदर घेतला नाही. तो पोरगा वाईट नव्हता हो, आणि माझ्या रागाला तीच तर अडचण होती. तो लाजून जीपच्या चाकाकडे पाहत बसला होता. वाईट असता तर मला ओरडता आलं असतं. मी उभी होते आणि मला वाटत होतं की जी गाडी विकून मी नागपूरला जाणार होते, तिच्याचसोबत मला विकताहेत, आणि कुणाला त्यात काहीही वावगं वाटत नाही. सगळे पोहे खात होते.

बाबूजी तेवढे पान चघळत होते. मग त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "कुसुम, तुले काय वाट्टे?" त्या काळी आमच्याकडं मुलीला असं भर बैठकीत विचारत नसत. मामाजीनं पोह्याचा घास तोंडातच धरला. मी बाबूजींशी कित्येक दिवस बोलले नव्हते, आणि आता एकदम सगळं बाहेर आलं. "मले नर्स व्हायचं हाय. माही जागा सोमवारी जाते. मी काय गाडीचं हँडल हाय काय, गाडीसंगं द्यायले?" मायनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं बाई, तोंड पाह्य इचं!" बाबूजींनी पान थुंकलं, उठले, आत गेले आणि पैसे घेऊन आले. म्हाताऱ्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "जीप इथंच राहू द्या." बस्स, एवढंच. ना रागावले, ना हात जोडले. म्हातारा उठला, पोराला उठवलं, पोहे तसेच राहिले. जाताना त्या पोरानं जीपचं इंजिन बंद केलं आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

म्हणजे लग्न टळलं. आणि फीही टळली. बाबूजींनी माझ्यासाठी नाही म्हटलं याचा आनंद मानावा, की ज्या पैशांनी मी जाणार होते तेच त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर परत केले याचा शोक करावा, मला कळेना. मी मायशी भांडले. माय माझ्याशी भांडली. "सोन्यासारखं घर लाथाडलं! आता बस त्या डब्यात अन् जाय नागपूरले!" मी म्हटलं, डबा तुझ्या लेकानं केला आहे, त्याला बोल. दादा जीपजवळच उभा होता, हातात फडकं तसंच. मी वाट पाहत होते की आता तो म्हणेल, त्यांना चालवता आली नाही, गाडीत काही दोष नाही. म्हटलं असतं तर मी चुलीतलं लाकूड घेऊन धावले असते, इतकं माझं डोकं तापलं होतं. तो फडक्याची घडी करत राहिला. जेवायला आला नाही. मायनं हाक मारली, तर म्हणाला, भूक नाही.

सकाळी मला जाग आली ती पान्याच्या आवाजानं. लोखंडावर लोखंड, ठण, ठण, मग गंजलेला नट फिरताना करकर. म्हटलं, झालं! हा पुन्हा दुरुस्त करायला बसला. आता पुन्हा चौथा गिऱ्हाईक, पुन्हा दुपट्टा, पुन्हा परत, आणि सोमवार जाईल, आणि मी इथं कोंबड्या हाकलत म्हातारी होईन. केस बांधायचंही भान नव्हतं, तशीच अंगणात धावले. तोंडात शिव्या तयार होत्या, भैताडापासून पुढच्या सगळ्या.

बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं. दोन्ही दिवे, खुर्च्या, बाजूचे पत्रे, सगळं मायच्या गोणपाटावर नीट मांडून ठेवलेलं. गाडीखालून नुसते दादाचे पाय दिसत होते. तो सरकत बाहेर आला. तोंडभर काळं तेल. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून दिसत होतं. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "इंजन नदीकडच्या विहिरीवाल्यानं मांगतलं होतं मांगं, पंपाले. मागचा एक्सल गॅरेजवाला घेते. पुढच्याचं बी गिऱ्हाईक हाय अमरावतीकडे. आजच्या आज सारं जाते." मी तशीच उभी होते. शिव्या कुठं गेल्या कळलं नाही. त्यानं पान्याचं टोक गोणपाटावर पुसलं, पुन्हा पुसलं. "येक येक चीज चांगली हाय, कुसुम. सारं चांगलं हाय. जोडलं म्याच वाईट."

दादाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुढंही कधी ऐकलं नाही. मला त्याची इतकी दया आली की ती माझ्या रागापेक्षा जड झाली, आणि दोन्ही एकदम छातीत मावेनात. तो पुन्हा गाडीखाली सरकला, आणि आतून त्याचा आवाज आला.

"सोमवार परवाच ना?"

"हाव."

"मंग पाहत काय उभी? तिकडून धर."

मी पदर खोचला आणि तिकडून धरलं.